‘आपली आजी’ : हातातल्या पडद्यावरील बोलीचे गद्य

१

मराठी गद्याचा इतिहास म्हणून जे लिहिले गेले, तो मुख्यत्वे लेखणीच्या गद्याचा इतिहास आहे. तोंडाने सांगितलेले, कानांनी ऐकलेले आणि तिथेच विरलेले गद्य त्या इतिहासाच्या कक्षेत येणे शक्य नव्हते, कारण त्याची प्रत मागे उरत नसे. गेल्या दहा वर्षांत ही स्थिती पालटली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर झपाट्याने खाली आले आणि खिशातल्या मोबाईलवर चित्रफीत पाहणे, इतकेच नव्हे तर ती स्वतः तयार करून जगापुढे ठेवणे, ही खेड्यातील घराच्याही आवाक्यातील गोष्ट झाली. या घडामोडीची आर्थिक आणि सामाजिक चर्चा पुष्कळ झाली आहे. भाषेच्या अंगाने तिचा विचार मात्र बहुधा एकाच तक्रारीपाशी थांबतो, ती म्हणजे मोबाईलमुळे मराठी बिघडली. ही तक्रार कितपत खरी आहे, हे एखादे प्रत्यक्ष उदाहरण बारकाईने तपासल्याशिवाय ठरवता येणार नाही.

असे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातच (पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) उपलब्ध आहे. नगरजवळच्या सारोळा कासार या गावच्या सुमन धामणे यांची ‘आपली आजी’ ही यूट्यूब वाहिनी २०२० साली सुरू झाली. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीच्या घरात होते आणि इंटरनेटच्या जगाशी त्यांचा परिचय नव्हता. वाहिनीमागील तांत्रिक खटपट त्यांच्या किशोरवयीन नातवाची. वृत्तपत्रांतून आलेल्या हकिगतीनुसार नातवाने आजीला पावभाजी करायला सांगितली, मोबाईलवर दुसऱ्या कोणाची कृती दाखवली, आणि याहून चांगली आपण करू शकतो असे आजीचे मत पडले. त्यातून ही कल्पना निघाली. पुढे कारल्याच्या भाजीच्या चित्रफितीने वाहिनीचे नाव सर्वदूर पोहोचवले. काही महिन्यांतच वर्गणीदारांची संख्या लाखांवर गेली आणि कालांतराने तिने दहा लाखांचा टप्पा ओलांडला.

या यशाची कथा येथे सांगावयाची नाही. प्रश्न वेगळा आहे. या चित्रफितींतील बोलण्याला ‘संहिता’ मानून वाचता येईल काय? येत असेल तर तिचे गुण कोणते, दोष कोणते आणि अभ्यासकाने तिच्यासंबंधी काय करणे प्राप्त आहे?

२

प्रथमच एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. पाककृती सांगणे हे वाङ्मय नव्हे. मग त्याची समीक्षा कशाला? या आक्षेपाला नगर जिल्ह्याचा भाषिक इतिहासच उत्तर देतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती श्रोत्यांसमोरच्या निरूपणाच्या रूपात, आणि ती लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा हे त्या ग्रंथाच्या परंपरेचा अविभाज्य भाग आहेत. अमेरिकन मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगरलाच सुरू झाले आणि त्याने छापील मराठीला या जिल्ह्यात घर दिले. त्याच मिशनच्या परिसरात, नगर आणि राहुरी येथे, लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्याचा मोठा भाग गेला. शाळेचे रीतसर शिक्षण न लाभलेल्या या स्त्रीने मुलाच्या, देवदत्त टिळकांच्या, आग्रहावरून आठवणी लिहावयास घेतल्या. ‘स्मृतिचित्रे’ साप्ताहिकातून क्रमशः आली, १९३४ पासून पुस्तकरूपाने प्रसिद्ध होऊ लागली, आणि १९३६ साली लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर अखेरचा भाग मुलाला पुरा करावा लागला.

या तीन उदाहरणांची वाङ्मयीन मोलाच्या दृष्टीने तुलना करण्याचा हेतू नाही. तसे करणे हास्यास्पद होईल. साम्य आहे ते संक्रमणाच्या पद्धतीत. एक सांगणारा आणि एक उतरवणारा. सांगणाऱ्याजवळ भाषा आणि अनुभव, उतरवणाऱ्याजवळ त्या काळाचे साधन. नेवाशाला ते साधन लेखणी होते, लक्ष्मीबाईंच्या वेळी साप्ताहिकाचे पान होते, सारोळ्याला ते कॅमेरा आणि मोबाईल आहे. मात्र या साम्यातच एक मोठा भेदही आहे. लेखणीने उतरवताना बोलण्याचे लेखन होते. उच्चार, सूर, थांबे, अडखळणे गळून पडतात आणि प्रमाण लेखनाचे नियम आपोआप लागू होतात. ‘स्मृतिचित्रे’ कितीही बोलकी असली तरी ती डोळ्यांना बोलकी वाटते. लक्ष्मीबाईंचा आवाज कसा होता, त्या ‘ण’ कसा उच्चारीत, वाक्याच्या कोणत्या टोकाला सूर चढवीत, हे त्या पुस्तकावरून सांगता येत नाही. सारोळ्याच्या आजीच्या बाबतीत हे सर्व उपलब्ध आहे. मराठीच्या अभ्यासकाला ग्रामीण वृद्ध स्त्रीचे सलग, कृतीशी जोडलेले आणि तिच्याच स्वयंपाकघरातले बोलणे एवढ्या मोठ्या प्रमाणावर पूर्वी कधी हाती आलेले नव्हते.

३

वाहिनीच्या नावापासूनच आरंभ करणे योग्य होईल. ‘माझी आजी’ किंवा ‘आमची आजी’ असे नाव नातवाच्या दृष्टीने अधिक यथार्थ ठरले असते. निवडलेले नाव मात्र ‘आपली आजी’ असे आहे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत : ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’. इंग्रजीत हा भेद सर्वनामाने दाखवता येत नाही आणि हिंदीतही तो अशा स्वरूपात नाही; द्राविडी भाषांत तो स्पष्ट आहे आणि मराठी, गुजराती यांत तो दृढ झाला आहे. ‘आमची’ म्हटल्याबरोबर पाहणारा पाहुणा ठरतो. ‘आपली’ म्हटल्याबरोबर तो नातू ठरतो. व्याकरणाच्या एका निवडीने लाखो अपरिचितांशी नाते जोडले गेले आहे, आणि हे नाते जोडण्यासाठी वेगळ्या आवाहनाची गरज उरलेली नाही.

हाच समावेशक भाव कृती सांगण्याच्या क्रियापदरूपांत पसरलेला दिसतो. छापील पाकग्रंथांची मराठी येथे तुलनेसाठी घेता येईल. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्र’ (१९१०) पासून कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ (१९७०) पर्यंतच्या परंपरेचे ओळखीचे रूप म्हणजे ‘-वे’ प्रत्ययाचे विध्यर्थी रूप. पुढील वाक्ये कोणत्याही ग्रंथातील वा चित्रफितीतील उतारे नव्हेत. केवळ प्रकार दाखविण्यासाठी रचली आहेत.

छापील : कांदा बारीक चिरावा. तेल तापवावे. मोहरी घालावी.

बोलीतील : कांदा बारीक चिरायचा. तेल तापवायचं. मोहरी टाकायची.

दोन्हींत क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. तेवढ्यापुरती रचना सारखीच आहे. भेद कर्त्याच्या जागी आहे. ‘चिरावा’ या रूपाचा कर्ता तृतीयान्त, दूरस्थ असतो : गृहिणीने चिरावा, कोणीही चिरावा. उपदेश करणारा बाहेर उभा असतो. ‘चिरायचा’ या रूपाशी सहज जोडला जाणारा कर्ता ‘आपण’ हा आहे : आपण कांदा चिरायचा. येथे सांगणारा आणि ऐकणारा एकाच पाटावर बसतात. त्याच्या जोडीला ‘घेऊ’, ‘टाकूया’ ही रूपे येतात आणि ‘तेल तापलंय’, ‘मोहरी तडतडली’ अशी तत्क्षणीच्या घटनेची नोंद करणारी रूपे येतात. पुस्तकाला ही तिसरी जात परवडत नाही, कारण पुस्तक वाचले जाते त्या क्षणी तेल तापलेले नसते. चित्रफितीत ते डोळ्यांसमोर तापते. म्हणजे ‘करायचं’ आणि ‘झालं’ या दोन रूपांच्या आलटून-पालटून येण्याने या गद्याला एक चाल मिळते, आणि ती चाल कृतीच्या वेगाने चालते. छापील पाककृतीत वाक्यांची लांबी जवळजवळ सारखी राहते. येथे मात्र हात कामात गुंतला की वाक्य आखूड होते आणि भाजी वाफेवर ठेवली की बोलणे पसरते.

४

दुसरा विशेष दर्शक शब्दांचा. ‘एवढं मीठ’, ‘असं परतायचं’, ‘इतपत पातळ’ : बोलून सांगितलेल्या कृतीत असे शब्द मुबलक येतात. कागदावर उतरवले तर यांतील प्रत्येक शब्द रिकामा आहे. एवढं म्हणजे केवढं? ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही घरगुती मापे रूढ केली ती हीच रिकामी जागा भरण्यासाठी. चित्रफितीत ती जागा आजीचा तळहात भरतो. शब्द आणि हात मिळून एक वाक्य होते. त्यांतील एक काढून घेतले तर दुसरे लंगडे पडते.

या निरीक्षणाचे दोन परिणाम ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला असा की, मोबाईलच्या पडद्याने बोली दरिद्री होते हे विधान सरसकट खरे नाही. मापे सांगण्याची गरज दर्शक शब्दांनी भागवली जाते हे खरे. परंतु जेथे डोळ्यांना काही दाखवता येत नाही तेथे हीच भाषा एकदम समृद्ध होते. वास, चव, आच आणि पोत पडद्यावर येत नाहीत. त्यांच्यासाठी खमंग, खरपूस, करपट, तुरट, उग्र, सरसरीत, घट्टसर, मऊसूत असे शब्द लागतात. आवाजाच्या जोडीला चरचर, रटरट, तडतड असे अनुकरणवाचक शब्द लागतात. ॲड्रिएन लेहरर यांनी १९६९ साली स्वयंपाकाच्या क्रियापदांचे अर्थक्षेत्र तपासताना उष्णता, पाणी आणि तेल यांच्या असण्या-नसण्यावर शब्दांची विभागणी केली होती. मराठीत भाजणे, परतणे, तळणे, शेकणे, उकडणे, वाफवणे, शिजवणे, आटवणे यांच्यावर ती पद्धत लावून पाहण्यासाठी अशा चित्रफितींइतके चांगले साधन नाही, कारण शब्द आणि क्रिया एकाच वेळी हाती येतात. शब्दकोशात ‘परतणे’चा अर्थ सापडतो, परतणे थांबवून भाजणे केव्हा सुरू होते हे उलथण्याच्या हालचालीवरून कळते.

दुसरा परिणाम पद्धतीविषयीचा आहे. या बोलण्याचे केवळ लिप्यंतर करून ते ‘संहिता’ म्हणून छापणे म्हणजे अर्धी संहिता छापणे होय. संपादनात शब्दांच्या बरोबरीने हात, भांडे आणि थांबे यांची नोंद करणारा स्तंभ लागेल. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) मराठीच्या बोलींचे नमुने आहेत. त्यांत उधळ्या पुत्राच्या दृष्टांतकथेचे बोलीबोलींतील भाषांतर पुनःपुन्हा येते. तुलनेला ते सोयीचे होते, पण नमुना मागणाऱ्याच्या गरजेने घडला होता. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या बोलीसर्वेक्षणाची १९६० नंतर प्रसिद्ध झालेली पुस्तके प्रामुख्याने कोकणपट्टीच्या आणि तिच्या दक्षिणेकडच्या बोलींकडे वळली. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे ध्वनिमुद्रित संकलन हाती घेऊन ते सर्वांना खुले केले, हे काम मोलाचे आहे. तरीही सर्वेक्षकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आणि नातवाला भाजी शिकवताना निघालेले वाक्य यांत फरक राहणारच. दुसऱ्या प्रकारची सामग्री पहिल्या प्रकाराची जागा घेऊ शकत नाही, कारण तिच्यात तुलनेसाठी लागणारी समानता नसते. परंतु पहिलीला जे पकडता येत नाही ते ती पकडते.

५

आता तक्रारीच्या मुख्य मुद्द्याकडे वळता येईल : मोबाईलबरोबर इंग्रजी शब्दांचा लोंढा आला आणि मराठी त्याखाली दबली. शासकीय परिभाषेने ‘भ्रमणध्वनी’ हा शब्द पुरवला. तो पत्रिकेवर आणि कार्यालयीन पत्राच्या माथ्यावर टिकला. बोलण्यात ‘मोबाईल’ राहिला. नामांच्या पातळीवर तक्रार खरी आहे. मोबाईल, रेंज, नेट, रिचार्ज, व्हिडिओ, चॅनेल, स्टेटस, लाईक : सर्व उसने आहेत. परंतु या उसन्या नामांनी मराठीत पाऊल टाकताच लिंग स्वीकारले. मोबाईल बंद पडला, रेंज गेली, नेट संपलं. कोणत्याही मंडळाच्या बैठकीशिवाय हे ठरले आहे.

क्रियापदांकडे पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. मोबाईलच्या व्यवहारात इंग्रजी क्रियापदे मराठीत फारशी थेट चालवली जात नाहीत. इंग्रजी शब्दाला मराठी क्रियापदाची जोड द्यावी लागते. आणि ही जोडीची क्रियापदे कोठून आली हे पाहणे उद्बोधक आहे. कुकर लावतात, तसाच फोन लावतात आणि मोबाईल चार्जिंगला लावतात. मीठ टाकतात, तसा व्हिडिओ टाकतात. रोपांना पाणी सोडतात, तसा ग्रुपवर मेसेज सोडतात. तडका मारतात, तसा रिचार्ज मारतात आणि मिस कॉल मारतात. दूध तापत ठेवतात, तसे स्टेटस ठेवतात. म्हणजे तंत्रज्ञानाची हौस असणारा नातू आणि चुलीपुढची आजी यांच्या शब्दसंग्रहातील नामे वेगळी असली तरी क्रियापदे एकाच डब्यातली आहेत. घरातल्या आणि शेतातल्या हातांच्या हालचालींनी घडवलेली ही क्रियापदे नव्या यंत्राला जशीच्या तशी पुरली. भाषेची पकड नामांवरून मोजावयाची की क्रियापदांवरून, यावर तक्रारीचा निकाल अवलंबून आहे. आणि वाक्य क्रियापदाने उभे राहते हे व्याकरणाच्या विद्यार्थ्याला सांगण्याची आवश्यकता नाही.

६

याचा अर्थ या माध्यमात भाषेला धोका नाही असा नव्हे. धोका आहे, पण तो लोक समजतात तेथे नाही. आजीच्या वाहिनीसंबंधीच्या वृत्तांतांत एक लहानशी गोष्ट आली आहे. सॉस, बेकिंग पावडर यांसारखे इंग्रजी शब्द त्यांना उच्चारावयास अवघड जात, म्हणून नातवाने त्यांचा सराव करून घेतला. नातवाची यातील माया उघड आहे. पाहणाऱ्यांनी आजीला हसू नये ही त्याची काळजीही समजण्यासारखी आहे. तथापि भाषेच्या दृष्टीने येथे काहीतरी उलटे घडले आहे.

ज्या पदार्थापासून ही सारी कथा सुरू झाली त्या पावभाजीतील ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज आहे. तिच्यातील ‘बटाटा’ही पोर्तुगीजच. हे शब्द मराठीत आले तेव्हा त्यांचा सराव कोणी करून घेतला नाही. मराठी तोंडाला जे जमले तेच रूप ठरले, आणि पुढे तेच शुद्ध झाले. ‘इस्पितळ’, ‘टेबल’, ‘कंदील’ यांची वाटचाल अशीच. तोंडाने परक्या शब्दाला घडवावे ही उसनवारीची जुनी रीत. सरावाच्या वेळी परका शब्द तोंडाला घडवू लागतो. ज्या पिढीच्या उच्चारांत नगरकडच्या ग्रामीण बोलीचे वळण शिल्लक आहे, ‘ण’चा ‘न’कडे झुकाव आहे, ‘करतात’ऐवजी ‘करत्यात’ आहे, ‘एक’ऐवजी ‘येक’ आहे, तिने कॅमेऱ्यापुढे शहरी कानाला पटेल असे बोलावे हा दाब येथे सुरू होतो. तो इंग्रजी शब्दांपुरता राहील याची हमी नाही.

दुसरा दोष संपादनाचा, आणि तो कोणा एका वाहिनीचा नसून या प्रकाराचाच आहे. पाहणाऱ्याचे बोट पडद्यावर टेकलेले असते. कंटाळा आला की ते पुढे सरकते. म्हणून थांबे कापले जातात, पुनरुक्ती गाळली जाते, भाजी शिजेपर्यंतचा निरुद्योगी वेळ नाहीसा होतो. परंतु बोलभाषेचे व्याकरण पुनरुक्तीवर आणि थांब्यांवर उभे असते. शिवाय भाजी शिजण्याची वाट पाहतानाच आठवण निघते, म्हण निघते, कोणाच्या तरी लग्नातली हकिगत निघते. तो वेळ कापला की कृती उरते आणि कथा जाते. ‘स्मृतिचित्रे’ची थोरवी याच निरुद्योगी वेळेत आहे, सलग हकिगतीच्या मधेच दुसरी हकिगत घुसते आणि वाचक ती सहज पत्करतो. साप्ताहिकाने लक्ष्मीबाईंना तो वेळ दिला. काही सेकंदांच्या चित्रफितींकडे वळलेले हे माध्यम आजीला तो किती काळ देईल, हा चिंतेचा विषय आहे.

७

अखेरचा प्रश्न जतनाचा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ही वाहिनी काही दिवस परक्या माणसाच्या ताब्यात गेली. नंतर ती परत मिळाली. कुटुंबाला या घटनेने जो धक्का बसला त्याची वृत्तपत्रांनी नोंद घेतली. अभ्यासकांनी तिच्यापासून निराळा बोध घ्यावयास हवा होता. एका जिल्ह्याच्या ग्रामीण स्त्रीभाषेचा इतका मोठा साठा एका संकेतशब्दावर आणि एका परदेशी कंपनीच्या धोरणावर अवलंबून आहे. ‘ज्ञानोदया’चे जुने अंक ग्रंथालयांतून पाहता येतात, हा साठा कोणत्याही ग्रंथालयाच्या नोंदवहीत नाही.

विद्यापीठीय विभागांना येथे करण्यासारखे काम आहे, आणि ते पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहे. बोलणाऱ्या व्यक्तीची आणि कुटुंबाची लेखी संमती घेऊन निवडक चित्रफितींच्या प्रती करणे. शब्द, हावभाव आणि थांबे यांचे तीन स्तंभांत लिप्यंतर करणे. संपादनात कापलेला भाग कुटुंबाजवळ असल्यास तो मागून घेणे. गावचे नाव, बोलणाऱ्याचे वय, माहेर आणि सासर यांची नोंद ठेवणे. माहेर-सासर यांची नोंद केवळ उपचार नव्हे. विवाहाने गाव बदलणाऱ्या स्त्रीच्या बोलीत दोन गावांचे थर असतात आणि पुरुष निवेदकांवर विसंबणाऱ्या सर्वेक्षणाच्या हातून ते निसटतात.

सारांश, मोबाईलने मराठी बिघडवली किंवा तारली, या दोन्ही निकालांना सध्या आधार नाही. आधार नाही याचे कारण त्या मराठीचे वाचनच अद्याप झालेले नाही. ‘आपली आजी’च्या चित्रफितींत जे ऐकू येते ते समावेशक सर्वनामावर उभे असलेले, हाताच्या साहाय्याने वाक्य पुरे करणारे, नव्या यंत्राला जुनी क्रियापदे लावणारे गद्य आहे. त्याच्यावर प्रमाणभाषेचा आणि वेगाचा दाब आहे. तो दाब किती आहे हे मोजावयाचे तर २०२० मधील पहिल्या चित्रफिती आणि नंतरच्या चित्रफिती शेजारी ठेवून ऐकाव्या लागतील. त्या दोन्ही आज उपलब्ध आहेत तोवर हे काम व्हावे.